एका क्रियापदाचा प्रवास : रोमपासून चिलीपर्यंत



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की लढाया, तह, राज्यारोहणे आणि फार तर एखादे बंड एवढे अपेक्षित असते. क्रियापद हा शाळेतल्या फळ्यावरचा विषय. त्याला इतिहास कसला? मीही अनेक वर्षे असेच समजत होतो. माझी पुतणी स्पॅनिश शिकू लागली आणि तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका क्रियापदाचा तक्ता चिकटवला, तेव्हापासून माझे मत बदलले. क्रियापद होते ‘कान्तार’, म्हणजे गाणे. आडवे सहा पुरुष, उभे पंधरा-सोळा काळ. चहाला आधण येईपर्यंत मी तो तक्ता वाचीत उभा राहत असे, आणि हळूहळू ध्यानात येऊ लागले की हा तक्ता एका दिवशी, एका माणसाने आखलेला नाही. यातली एक ओळ रोमन साम्राज्याच्या वैभवाची आहे, दुसरी त्याच्या पडझडीची, तिसरी मध्ययुगातली, आणि काही ओळींची नावे तर अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धानंतर पडलेली आहेत. एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीत जशी देवळाची शिळा, यादवकाळातला खांब आणि पेशवाईतली वीट शेजारी शेजारी सापडावी, तसा हा प्रकार आहे.

आपण भविष्यकाळापासून सुरुवात करू. स्पॅनिश माणूस ‘मी गाईन’ या अर्थी ‘कान्तारे’ म्हणतो आणि शेवटच्या अक्षरावर आघात देतो. हा आघात विसरू नका. त्या भाषेत आघात इकडचा तिकडे झाला की काळ बदलतो, पुरुषही बदलतो. ‘कान्तो’ पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटले तर ‘मी गातो’, आणि शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर ‘तो गायला’. आपल्या देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, याला माझा इलाज नाही.

तर हे ‘कान्तारे’ लॅटिनमधून सरळ आलेले नाही. लॅटिनला स्वतःचा भविष्यकाळ होता. ‘तो गाईल’ यास लॅटिनमध्ये ‘कान्ताबित’ म्हणत, आणि ‘तो गायला’ यास ‘कान्तावित’. एका ठिकाणी ब, दुसऱ्या ठिकाणी व. सिसेरोच्या काळी या दोन ध्वनींत घोटाळा होण्याचे कारण नव्हते. परंतु साम्राज्याच्या उतरत्या काळात सामान्य लोकांच्या तोंडी स्वरांमधला ब आणि व एकच झाला. आपल्याकडे बंगाल्यात वसंताचा ‘बसंत’ होतो, त्यातलाच हा प्रकार. परिणाम काय झाला, याची कल्पना करा. ‘तो गाईल’ आणि ‘तो गायला’ ही दोन वाक्ये कानाला एकसारखी लागू लागली. सावकाराने ‘देईल’ म्हटले की ‘दिले’ म्हटले, हे कळेना! दुसऱ्या एका गणातल्या क्रियापदांत तर वर्तमान आणि भविष्य यांत केवळ एका स्वराचा फरक होता, तोही पुसट होत चालला. जी भाषा उद्या आणि काल यांत फरक करू शकत नाही, तिच्यात व्यवहार कसा चालायचा? स्पॅनिशमध्ये ब आणि व यांचा उच्चार आजही एकच आहे. त्या जुन्या पडझडीची खूण अजून शिल्लक आहे, ती अशी.

लोकांनी मग वाट काढली. व्याकरणकारांना न विचारता काढली, हे सांगायला नकोच. ते ‘कान्तारे हाबेओ’ असे म्हणू लागले. शब्दशः ‘मजजवळ गाणे आहे’, म्हणजे ‘मला गायचे आहे’. हे ‘हाबेओ’ बोलता बोलता झिजले. त्याचे ‘ए’ एवढेच उरले आणि ते ‘कान्तार’ला जाऊन चिकटले. ‘कान्तार’ अधिक ‘ए’ म्हणजे ‘कान्तारे’. आज तक्त्यात जो भविष्यकाळ प्रत्ययाच्या रूपाने दिसतो तो प्रत्यय मुळी नाहीच. तो ‘माझ्यापाशी आहे’ या क्रियापदाचा झिजलेला तुकडा आहे.

संस्कृत शिकलेल्या श्रोत्यांना येथे ओळखीचे काही आठवेल. पाणिनीच्या दहा लकारांत ‘लुट्’ नावाचा एक भविष्यकाळ आहे. ‘दातास्मि’ हे त्याचे रूप. ‘दाता’ अधिक ‘अस्मि’, म्हणजे ‘मी देणारा आहे’. त्याचाच अर्थ ‘मी देईन’. भाषेचे कुळ दूरचे, काळ निराळा, पण जुना भविष्यकाळ असतानाही एक कृदन्त आणि एक साहाय्यक धातू जोडून नवा करावा, ही युक्ती तीच. आणि मराठी? आपण ‘गाईन’ म्हणतो खरे, परंतु दिवसभरात किती वेळा? ‘उद्या मी गाणार आहे’ हेच आपल्या तोंडी अधिक. भविष्यकाळ फार काळ एका रूपावर विसंबून राहत नाही, असे दिसते.

या नव्या भविष्यकाळाचे पहिले लेखी उदाहरण म्हणून विद्वान जे दाखवतात, त्यामागे एक गंमतीची कथा आहे. सातव्या शतकात फ्रँक लोकांच्या राज्यात लिहिलेली एक बखर आहे. ती फ्रेडेगार या नावावर मोडते. तीत रोमन सम्राट जस्टिनियन आणि इराणचा राजा यांची हकिकत येते. पराभूत इराणी राजाला सम्राटाने शेजारी बसवून घेतले आणि प्रांत परत मागितले. राजा म्हणाला, देणार नाही. हे उत्तर त्याने जुन्या, शुद्ध लॅटिन भविष्यकाळात दिले. त्यावर सम्राट एकच शब्द बोलला : ‘दारास’. म्हणजे ‘देशील!’ आणि ज्या जागी हे संभाषण झाले तेथे वसलेल्या शहराला दारास हे नाव पडले, असे बखरकार सांगतो.

आता इतिहासाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही. दारा हे रोमन-इराणी सरहद्दीवरचे ठाणे, आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागातले, ते जस्टिनियनने वसवलेच नाही. ते त्याच्या आधीच्या आनास्तासियस या सम्राटाने ५०५ ते ५०७ च्या सुमारास बांधून घेतले. जस्टिनियन गादीवर आला ५२७ साली. इराणचा राजा त्याच्या हाती सापडला, हीही कल्पित गोष्ट. आपल्या बखरींत गावांच्या नावांच्या अशाच व्युत्पत्त्या सापडतात आणि राजवाड्यांच्या परंपरेतले आपण त्यांना लगेच कात्री लावतो. परंतु बखर घटनेच्या बाबतीत खोटी ठरली, तरी भाषेच्या बाबतीत ती खोटे बोलू शकत नाही. बखरकाराला सम्राटाच्या तोंडी जो शब्द सहज सुचला तो त्याच्या स्वतःच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडचा होता. राजा पुस्तकी भविष्यकाळात नकार देतो आणि सम्राट बाजारातल्या भविष्यकाळात हुकूम सोडतो! मला यात इतिहासाचा एक मोठा विनोद दिसतो. आजही माद्रिदमध्ये ‘तू देशील’ याला ‘दारास’ हाच शब्द आहे.

हे दोन तुकडे एकमेकांना चिकटले खरे, पण सांधा बरीच शतके ओला होता. मध्ययुगीन कॅस्टिलियन भाषेत ‘तुला देईन’ म्हणायचे तर ‘दार’ आणि ‘ए’ यांच्या मध्ये ‘ते’, म्हणजे ‘तुला’, घालता येई : ‘दार ते ए’. सिदच्या वीरकाव्यात अशी रूपे आहेत. सतराव्या शतकापर्यंत ती विरळ होत जाऊन नाहीशी झाली. शेजारच्या पोर्तुगीज भाषेने मात्र हा सांधा अद्याप उघडा ठेवला आहे, निदान ग्रांथिक लेखनात. गोव्यातील ज्या मंडळींचे शिक्षण १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत झाले, त्यांना क्रियापदाचे पोट फाडून मध्ये सर्वनाम बसवण्याचा हा खटाटोप चांगला आठवत असेल.

एका भविष्यकाळाने आणखी एक अपत्य जन्माला घातले. ‘हाबेओ’च्या जागी त्याच क्रियापदाचा भूतकाळ जोडला तर ‘कान्तारिया’ तयार होते. ‘मी गाईन असे म्हणालो होतो’ यातल्या ‘गाईन’साठी हे रूप, आणि ‘गायलो असतो’ या संकेतार्थासाठीही हेच. भविष्याच्या अंगावर भूतकाळाचा अंगरखा चढवला की संकेतार्थ होतो. संस्कृतात ‘लृङ्’ असाच बनतो : ‘भविष्यति’ या भविष्याला भूतकाळाचा ‘अ’ आणि भूतकाळाचा प्रत्यय लावला की ‘अभविष्यत्’. पाऊस पडता तर पीक येते, या जातीच्या वाक्यांचा हा लकार. लॅटिनपाशी असे रूप नव्हते. तिच्या लेकींनी ते आपापल्या घरी घडवले. या ‘कान्तारिया’वरून पुढे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात जो वाद झाला त्याकडे मी मागाहून येतो.

भूतकाळाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती मराठी माणसाला समजावून द्यावी लागत नाही. ‘मी पत्रे लिहिली आहेत’ या अर्थी लॅटिन माणूस ‘मजजवळ पत्रे लिहिलेली आहेत’ असे म्हणू लागला. लिहिलेली हे पत्रांचे विशेषण. म्हणून ते अनेकवचनी आणि स्त्रीलिंगी. जुन्या स्पॅनिशमध्येही ही जुळणी बराच काळ टिकली आणि मग गळून पडली. आता पत्र एक असो वा शंभर, रूप एकच. आपण मात्र ती सोडलेली नाही. मी पत्र लिहिले, मी पत्रे लिहिली, मी चिठ्ठी लिहिली. संस्कृतातले ‘मया पत्रं लिखितम्’ हेच आपल्या भूतकाळाचे मूळ, आणि ज्ञानेश्वरीतले ‘मियां’ हे तृतीयेचे रूप त्याची साक्ष देते. फरक इतकाच की आपल्याला ‘जवळ असणे’ या अर्थाचे सकर्मक क्रियापद नाही. त्यांना होते, म्हणून त्यांचा कर्ता कर्ताच राहिला.

तक्त्याच्या खालच्या बाजूला मात्र थांबले पाहिजे. तेथे ‘कान्तारा’ असे एक रूप आहे. आज ते इच्छार्थी, संशयार्थी वाक्यांत येते : तो गाता तर, त्याने गावे म्हणून, अशा जागी. परंतु लॅटिनमध्ये त्याचा पूर्वज ‘गायला होता’ असा साधा, निःशंक पूर्वभूतकाळ होता; जुन्या स्पॅनिशमध्येही तो त्याच अर्थाने येतो. ‘गायला होता’ चे ‘गाता तर’ कसे झाले? संकेतार्थी वाक्यांतून त्याचा शिरकाव झाला आणि मग मूळ घर त्याने जवळजवळ सोडले. हे विचित्र वाटते का? मग आपलीच ‘आजी पहाटे ओव्या गाई’ ही रचना पाहा. आज ‘गाई’, ‘करी’, ‘जाई’ हा रीतिभूतकाळ आहे. ज्ञानेश्वरांच्या मराठीत ‘करी’ म्हणजे ‘करतो’. तो वर्तमानकाळ होता. ‘करतो’ने पुढे येऊन त्याला खुर्चीवरून उठवले आणि तो बिचारा जुन्या आठवणींच्या ओसरीवर जाऊन बसला. काळांचीही काळाकडून अशी बदली होते.

त्याच ओसरीवर स्पॅनिशमधले आणखी एक रूप आहे, भविष्यवाची संशयार्थ. त्याचे प्रथमपुरुषी रूप योगायोगाने पुन्हा ‘कान्तारे’च, परंतु आघात मधल्या अक्षरावर. बोलण्यातून ते गेले. म्हणी आणि कायद्याची कलमे यांत उरले. जो कोणी अमुक करील त्यास तमुक शिक्षा, अशा वाक्यांत वकील ते अजून वापरतात. कोर्टकचेऱ्या या जगात सर्वत्रच शब्दांच्या पांजरपोळ असतात.

अपवादांविषयी दोन शब्द. शाळकरी मुलांना अनियमित क्रियापदे म्हणजे भाषेचा आडमुठेपणा वाटतो. खरे तर ती भाषेची सर्वांत जुनी, सर्वांत वापरातली मालमत्ता असते. आपण ‘कर’चे ‘करला’ न म्हणता ‘केला’ म्हणतो, ‘मर’चे ‘मेला’ म्हणतो. कारण त्यांत ‘कृत’ आणि ‘मृत’ जिवंत आहेत. लहान मूल ‘मी करलं’ म्हणते आणि आपण हसतो. स्पॅनिश मूल ‘मला माहीत आहे’ यासाठी ‘से’ऐवजी ‘साबो’ म्हणते आणि तिकडचे लोक हसतात. मूल चुकत नाही. ते नियम पाळते, नियमच तेथे पोचलेला नसतो. ‘असणे’ आणि ‘जाणे’ या दोन क्रियापदांनी तर स्पॅनिशमध्ये कमाल केली आहे. ‘सेर’ म्हणजे असणे, ‘ईर’ म्हणजे जाणे. दोघांचाही भूतकाळ ‘फुई’. ‘मी होतो’ हेही फुई आणि ‘मी गेलो’ हेही फुई! ‘ईर’ने आपला वर्तमानकाळ एका लॅटिन धातूपासून घेतला, भविष्यकाळ दुसऱ्यापासून आणि भूतकाळ सरळ शेजारच्या ‘असणे’कडून उसना आणला. आपल्या ‘जाणे’चे तरी काय वेगळे आहे? ‘जातो’ हे ‘या’ धातूचे आणि ‘गेला’ हे ‘गम्’ धातूचे. दोन घरांचा मिळून एक संसार चालला आहे आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता या तक्त्याला नावे कोणी दिली, हा प्रश्न. येथून आपण राजकारणाच्या प्रदेशात शिरतो.

१४९२ हे साल आपल्याला कोलंबसामुळे पाठ असते. ३ ऑगस्टला त्याची जहाजे पालोस बंदरातून निघाली. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १८ ऑगस्टला, सालामान्का येथे एक पुस्तक छापून पुरे झाले. ते अंतोनियो दे नेब्रिहा या पंडिताचे कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण होते. युरोपातील एका लोकभाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याची ख्याती आहे. ग्रंथ राणी इसाबेलाला अर्पण केलेला आहे. प्रस्तावनेत पंडित सांगतो की, भाषा ही नेहमीच साम्राज्याची सोबतीण राहिली आहे. राणीने विचारले होते, या पुस्तकाचा उपयोग काय? जी भाषा आईच्या दुधाबरोबर येते तिचे व्याकरण कशाला, असा तो रोख्याचा प्रश्न होता. उत्तर आविलाच्या बिशपने परस्पर देऊन टाकले : महाराणी अनेक परकी लोकांना जिंकतील, त्यांना आपले कायदे आणि आपली भाषा शिकवावी लागेल, तेव्हा हे व्याकरण उपयोगी पडेल.

हे वाचून अंगावर काटा येतो, विशेषतः आपल्यासारख्या पूर्वी जिंकल्या गेलेल्यांच्या. पण इतिहास पुढे कसा वळला पाहा. नेब्रिहाचे हे व्याकरण त्याच्या हयातीत पुन्हा छापले गेले नाही. दुसरी आवृत्ती निघायला अठरावे शतक उजाडले. गाजले ते त्याचे १४८१ चे लॅटिन व्याकरण. अमेरिकेत गेलेल्या धर्मोपदेशकांनीही तेथील लोकांना कॅस्टिलियन शिकवण्यापेक्षा त्यांचीच भाषा आपण शिकणे सोयीचे मानले. आंद्रेस दे ओल्मोस याने १५४७ साली मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेचे व्याकरण लिहिले, दोमिंगो दे सांतो तोमास याचे पेरूतील केचुआ भाषेचे व्याकरण १५६० साली वायादोलिद येथे छापले गेले. त्यांच्यासमोरचा साचा अर्थात लॅटिनचा होता. लॅटिनमध्ये इतके काळ, म्हणून केचुआतही इतके काळ शोधायचे.

स्वतः नेब्रिहा या बाबतीत आपल्या अनुयायांपेक्षा शहाणा होता, हे सांगितले पाहिजे. ‘आमारे’, म्हणजे ‘मी प्रेम करीन’, हे रूप मूळचे लॅटिन नव्हे, तर ते ‘मला प्रेम करायचे आहे’ या वळशाच्या बोलण्याइतकेच आहे, हे त्याने १४९२ मध्येच ओळखले होते. आठशे वर्षांपूर्वीच्या बखरीतल्या ‘दारास’चे रहस्य त्याने केवळ कानाने पकडले. साम्राज्याची भाषा करणारा माणूस फळ्यापाशी उभा राहिला की किती नेमका होतो!

ही लाट आपल्या किनाऱ्यालाही लागली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. दुसऱ्याच वर्षी पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या फेलिपेकडे गेले आणि साठ वर्षे गोवा स्पेनच्या राजांच्या छत्राखाली होता, ही गोष्ट आपण बहुधा विसरतो. त्या काळात, १६१६ साली, स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले. त्याने कोकणीचे पोर्तुगीज भाषेत लिहिलेले व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राचोल येथे छापले, ज्या साली पोर्तुगाल स्पेनपासून पुन्हा वेगळा झाला त्याच साली. हिंदी भूमीवरील भाषेचे हे पहिले छापील व्याकरण. स्टीफन्सचा आपल्या भाषेवरचा जीव क्रिस्तपुराण वाचणाऱ्याला सांगायला नको. तरीही लॅटिन परंपरेत वाढलेल्या माणसाच्या हाती साचा होता तो तिकडचाच. आणि आमच्या दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. परक्याच्या मापाने कपडा शिवला की कोठे ढगळ होतो, कोठे काखेत दाटतो. ‘मी आंबा खाल्ला, मी कैरी खाल्ली’ येथे क्रियापद आंब्याच्या आणि कैरीच्या मागे धावते. याला लॅटिनच्या वा इंग्रजीच्या तक्त्यात रकाना नाही. पुढे मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात अशी प्रत्ययावरून पडलेली नावे दिसतात, त्यांत या अडचणीतून सुटण्याची धडपड आहे. ती नावे आज शाळेत कोणाला आवडत नाहीत. मला ती आवडतात.

स्पॅनिशमध्ये ही धडपड ज्याने शेवटास नेली तो स्पेनमध्ये जन्मलेला नव्हता. आंद्रेस बेयो १७८१ साली काराकास येथे जन्मला. १८१० मध्ये बोलिव्हारबरोबर स्वातंत्र्याची वकिली करण्यासाठी तो लंडनला गेला; बोलिव्हार परतला, बेयो एकोणीस वर्षे तेथेच अडकला. परिस्थिती ओढगस्तीची. शिकवण्या केल्या, बेंथामची दुर्वाच्य हस्तलिखिते लावण्याचे कामही केले, आणि ते काम देणारे गृहस्थ होते जेम्स मिल, आपल्या देशात पाऊल न टाकता आपला इतिहास लिहिणारे! मधल्या वेळात तो ब्रिटिश म्यूझियममध्ये बसून सिदच्या काव्याचा अभ्यास करी. १८२९ मध्ये तो चिलीला गेला. तेथील विद्यापीठाचा तो पहिला कुलगुरू. तेथील १८५५ चा दिवाणी कायदा त्याच्या हातचा.

१८४१ साली वाल्पाराइसो येथे त्याने क्रियापदाच्या काळांवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले आणि १८४७ मध्ये मोठे व्याकरण, अमेरिकेतील लोकांच्या उपयोगासाठी असे शीर्षकातच म्हणून. त्याची भीती खरी होती. स्पेनचे राज्य गेले होते. एका साम्राज्याची अनेक राष्ट्रे झाली होती. रोमचे साम्राज्य मोडले तेव्हा लॅटिनच्या कितीतरी भाषा झाल्या. मग आता मेक्सिकोचा माणूस आणि चिलीचा माणूस चारशे वर्षांनी एकमेकांना समजतील का? तलवारीने जोडलेले तुटले होते. जोडून ठेवण्यासाठी आता फक्त भाषा उरली होती, आणि तिचे नियम सांगण्याचा अधिकार माद्रिदच्या अकादमीकडे गहाण ठेवायला बेयो तयार नव्हता. एका भाषेची तत्त्वे दुसरीवर डोळे मिटून लादू नयेत, असे त्याने प्रस्तावनेत बजावले, आणि लॅटिनचा साचा बाजूला ठेवून कॅस्टिलियन क्रियापदाकडे नव्याने पाहिले.

त्याची युक्ती ऐका, कारण ती फार सुंदर आहे. मूळ काळ तीन : वर्तमान, भूत, भविष्य. यांना तीन उपसर्ग : ‘को’ म्हणजे सह, ‘पोस’ म्हणजे नंतर, ‘आन्ते’ म्हणजे आधी. एवढ्यावर सगळा तक्ता उभा राहतो. ‘आजी गात होती तेव्हा मी आलो’ यातले गाणे माझ्या येण्याबरोबर चालू होते. म्हणून ‘कान्ताबा’ला नाव सहभूत. ‘तो गाईन म्हणाला’ यातले गाणे त्या म्हणण्यानंतरचे; म्हणून ‘कान्तारिया’ला नाव पश्चभूत. ‘गायलो आहे’ हे वर्तमानाच्या आधीचे, म्हणून पूर्ववर्तमान. निश्चयार्थाचे पाच साधे आणि पाच जोडकाळ, दहाच्या दहा रूपांची नावे त्यांच्या कामावरून पडली. नाव ऐकले की रूप कोठे बसते ते कळावे! पाणिनीच्या देशातल्या माणसाला हे पाहून आनंद व्हावा यात नवल नाही.

‘कान्तारिया’विषयीचा वाद तो हाच. बेयो म्हणे, हा निश्चयार्थातलाच एक काळ आहे, भूतकाळातून पाहिलेला भविष्यकाळ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अकादमीच्या व्याकरणाने त्याला ‘शक्यार्थ’ नावाची निराळी खोली बांधून दिली. ती खोली १९७३ पर्यंत टिकली. त्या वर्षी अकादमीने नव्या व्याकरणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात ‘कान्तारिया’ पुन्हा निश्चयार्थात आणून बसवले. बेयोला जाऊन तोवर शंभरांहून अधिक वर्षे झाली होती. मेक्सिकोच्या शाळांतून मुले आजही बेयोची नावे घोकतात. स्पेनमधली मुले दुसरी.

सर्वच बाबतींत तो जिंकला असे नाही. स्पॅनिशमध्ये आदराने बोलायचे तर ‘उस्तेद’. हे मूळचे ‘आपली कृपा’ या अर्थाचे संबोधन. म्हणून त्यासोबत क्रियापद तृतीय पुरुषी. आपल्याकडे ‘सरकार काय घेणार?’, ‘रावसाहेब बसतील ना?’ असे समोरच्याच माणसाला म्हणतात, ती रीत. आणि जवळिकीचे ‘तू’ एके काळी ‘वोस’च्या, म्हणजे आपल्या ‘तुम्ही’च्या, समोर उभे असे. स्पेनमध्ये ‘वोस’ मेले. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत उलट झाले : ‘वोस’ घसरून ‘तू’च्या जागी आले आणि येताना आपले क्रियापदही, थोडे झिजवून, घेऊन आले. बेयोला हे अजिबात खपत नसे. चिलीच्या मुलांनी असे बोलू नये म्हणून त्याने लेखणी झिजवली. चिलीत काही अंशी त्याचे ऐकले गेले. डोंगरापलीकडच्या आर्जेन्टिनाने ऐकले नाही. तेथे घरीदारी, कवितेत, वर्तमानपत्रात ‘वोस कान्तास’च चालते, आणि १९८२ मध्ये तेथील अकादमीने त्याला मान्यताही दिली. फ्रेडेगारच्या बखरीतला सम्राट असता तर हसला असता.

पुतणीच्या तक्त्यावर आता तेलाचे डाग पडले आहेत. परवा ती म्हणाली, काका, हा भविष्यकाळ आम्ही पाठ केला खरा, पण आमच्या बाई बोलताना तो वापरतच नाहीत. त्या म्हणतात, ‘बोय आ कान्तार’. म्हणजे ‘मी गायला जातो’. आणि ‘कान्तारे’चे काय? ते आता अंदाजाला लावतात. किती वाजले, असे कोणी विचारले आणि घड्याळ नसले, की तिकडे भविष्यकाळात उत्तर येते. मी तिला म्हटले, अगं, तू मला आताच विचार. तिने विचारले. मी खिडकीबाहेर उन्हाकडे पाहून म्हणालो, ‘तीन वाजले असतील.’